गाठ सुटली नव्हती

कोंबड्याच्या मानेवरचं पीस मी आधी नखावर वाकवून पाहतो. सोडल्याबरोबर ते ताडकन सरळ झालं तर उपयोगाचं नाही, पाण्यात ते काडीसारखं ताठ राहतं. हळूहळू उलगडत आलं तर ठेवायचं. पुंडलिकनगरमधल्या चिकनच्या दुकानासमोर उभा राहून मी हे करत होतो तेव्हा दुकानदार सुरी पुसत माझ्याकडं बघत होता.

“काका, लई वर्षांनी आलात. कोंबडी नको, नुस्ती पिसं. तीबी कबऱ्याची. पुन्हा चालू केलं का?”

“एकच बांधायची आहे,” मी म्हणालो.

“एका माशासाठी एवढी तपासणी? पोरीला स्थळ बघतानाबी लोक एवढं बघत नाहीत.”

पाठीमागं उभी असलेली गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. पिसं कागदात गुंडाळली आणि पैसे देऊन निघालो.

मंगळवारी सकाळी भाईचा फोन आला होता. भाई म्हणजे माझा मित्र. औरंगपुऱ्यात त्याचं जरी, गोंडे, लेस आणि धाग्यांचं दुकान आहे, आता ते त्याचा मुलगा बघतो. मी कारखान्यात डिप्लोमावर सुपरवायझर झालो, पण तो मला पहिल्यापासून इंजिनेरच म्हणतो.

“क्या इंजिनेर, जिंदा है?”

“आहे अजून.”

“माझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता मला गल्लीच्या टोकावरच्या बकरीची दाढी दिसते. पोरगा म्हणतो, अब्बा, कुठं जायचं ते सांगा. मी म्हटलं, पाण्यावर. रविवारी गाडी काढतोय तो. तुझी ती पिसांची मासळी एक बांधून ठेव.”

“बांधतो.”

“आणि हे बघ, गाठ तूच मार. माझ्या हाताचा भरोसा नाही. तुला तर माहीतच आहे.”

त्यानं हे अगदी सहज म्हटलं. मी “बरं” म्हणून फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. बायकोनं आतून विचारलं, “अहो, कुणाचा होता? काय झालं?” मी म्हटलं, काही नाही, भाईचा होता, मजेत आहे.

त्याच्या हाताला काहीही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं. हे मला माहीत आहे आणि त्याला माहीत नाही, हीच सगळी गोष्ट आहे. आता ती नीट सांगतो.

चिकलठाण्याला ज्या कारखान्यात मी नोकरी केली तिथं माझ्याकडं भट्टी होती. पोलादाची हत्यारं लाल होईतो तापवायची, तेलात बुडवून त्यांना पाणी द्यायचं, म्हणजे ती कडक होतात. पण नुसतं कडक पोलाद काचेसारखं असतं, धक्का बसला की तुटतं. म्हणून ते पुन्हा बेतानं तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. त्याला आम्ही टेंपरिंग म्हणायचो. माझ्या विभागातून टेंपरिंग न करता एकही नग बाहेर गेला नाही, अशी माझी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात माझा स्वतःचा वाटा मोठा होता.

नवी भट्टी बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. तो काही महिने गेस्ट हाऊसवर राहिला. संध्याकाळी तो एका छोट्या व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी चिमट्यात, गळ अडकवून त्यावर पिसं बांधत बसायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस घरच्या आठवणीनं बिघडला. मग त्यानं मला दाखवलं. लांब दांड्याचा गळ, दांड्यावर चंदेरी पट्टी, गळ्याशी लाल पिसाचा झुपका आणि पाठीवर कोंबड्याची लांब पिसं पंखासारखी मागं नेलेली. हातात धरलं तर पोरीच्या वेणीतला एखादा दागिना वाटेल. बादलीतल्या पाण्यात ओढलं की ती जिवंत मासोळी व्हायची. पिसं आत ओढली जायची, पुन्हा फुलायची, जसं काही श्वासच घेतेय. मोठे मासे जी छोटी मासळी खातात तिची ही नक्कल. त्याला स्ट्रीमर म्हणतात, तो म्हणाला. जाताना तो व्हाइस मला देऊन गेला.

चंदेरी पट्टी शोधत मी औरंगपुऱ्यात फिरलो आणि भाईच्या दुकानात पोचलो. काय पाहिजे ते मी सांगितलं. त्यानं चपटी जरी काढली, मी ती उजेडात धरून परत ठेवली, त्यानं दुसरी काढली, मी तीही ठेवली. शेवटी त्यानं विचारलं, “शेरवानी कुणाची आहे, नवरदेवाची की घोड्याची?” मी म्हटलं, माशाची. त्यानं दुकानातला पंखा बंद केला, म्हणजे मी काय बोलतोय ते नीट ऐकू यावं म्हणून, आणि मला बसायला स्टूल दिलं. तो लहानपणापासून गळ टाकत आलेला होता, कणकेच्या गोळ्या आणि गांडुळं लावून. पिसांनी मासा फसतो यावर त्याचा विश्वास बसेना. पुढच्या रविवारी तो माझ्याबरोबर पैठणच्या धरणाच्या फुगवट्यावर आला, आणि मग कित्येक वर्षं येत राहिला.

आम्ही चौघं झालो. भाई, मी, बँकेतला एक कॅशिअर आणि माझ्या हाताखालचा एक सहकारी. कामं आपोआप वाटली गेली. मासळी मी बांधायचो. ती तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोरीला, भाई बांधायचा. गोंड्यांच्या आणि रेशमाच्या गाठी मारण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. तो तंगूस तंगुसाभोवतीच गुंडाळून टोक आतून काढायचा, थुंकीनं ओलं करायचा आणि ओढायचा. गाठ बसली की तिला नखानं टिचकी मारायचा. दुसऱ्या कुणाला तो गाठ मारू देत नसे. आम्ही मारलीच तर न बोलता कापून टाकायचा आणि नव्यानं मारायचा. कॅशिअर म्हणायचा, “भाई, माझ्या पायजम्याची नाडीपण बघून घ्या.” भाई म्हणायचा, “ती तुमच्या बेगमला विचारून.”

लांब दांड्याचे गळ इथं मिळत नव्हते. म्हणून मी समुद्रातल्या मासेमारीचे जाड गळ आणायचो, घरच्या गॅसवर तापवून नरम करायचो, सरळ करायचो, पाहिजे तसे वाकवायचो आणि पुन्हा पाणी द्यायचो. त्यावर टेंपरिंग. हे गळ म्हणजे माझा अभिमान होता. “हवं तर याला ट्रक बांधून ओढा,” असं मी सगळ्यांना सांगायचो. सहकारी मान डोलवायचा. तो माझ्याच हाताखाली शिकलेला.

मी निवृत्त झालो त्या वर्षीची गोष्ट. कारखान्यात निरोप समारंभ झाला, त्यात त्या सहकाऱ्यानंच भाषण केलं. साहेबांच्या हातून कच्चा नग कधी गेला नाही, असं तो म्हणाला. त्यानंतरच्या शनिवारी मी गळांची नवी खेप करत होतो. पाणी देऊन झालं. गळ तेलातून काढून पुसून ठेवले, आणि टेंपरिंगसाठी तवा चढवला तर शेगडी फुरफुरली आणि विझली. सिलिंडर संपला होता. दुसरा नोंदवलेला होता, पण आला नव्हता. बायको म्हणाली, “शेजारी जाऊन करा की. पाच मिनिटांचं तर काम.” शेजाऱ्यांकडं पाहुणे बसले होते. पाहुण्यांसमोर गळ घेऊन स्वयंपाकघरात जायचं मला जिवावर आलं. मनात म्हटलं, एका दिवसानं काय होतंय. चालतंय.

हेच “चालतंय” एखाद्या कामगाराच्या तोंडून आलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

त्याच गळावर मी त्या संध्याकाळी मासळी बांधली. सुंदर झाली होती. रविवारी भाईनं ती तंगुसाला बांधली, टिचकी मारली आणि कंबरेइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला. आम्ही तिघं काठावर. तो काठी डोक्यावरून मागंपुढं झुलवत दोर लांब टाकायचा, मग थांबत थांबत ओढायचा. ऊन चढायला लागलं होतं. एकाएकी काठी वाकली, ती वाकतच गेली आणि रीळ ओरडायला लागलं. भाई काहीच बोलेना, यावरूनच आम्हाला कळलं की मासा मोठा आहे. एरवी बोटभर मासा लागला तरी तो सगळ्या धरणाला ऐकवायचा.

एकदा तो मासा वर आला. शिवडा होता. रुंद जबडा, लांब मिशा, बिनखवल्यांचं चंदेरी अंग. मी काठावरून त्याची फक्त पाठ आणि शेपटी पाहिली. बाकीचे दोघं तेव्हा सामान घ्यायला मागं धावले होते, त्यांनी तेवढंही पाहिलं नाही. मग शिवड्यानं मान झटकली, आणि काठी सरळ झाली.

भाई पाण्यातून बाहेर आला, काठी गवतावर ठेवली आणि तिथंच खाली बसला. त्यानं डोळे मिटले होते. दोर गुंडाळून घ्यावा म्हणून मी रीळ फिरवायला लागलो. टोक हातात आलं तर मासळी जागेवर होती. पिसं, जरी, डोकं, सगळं. भाईची गाठ गळाच्या कडीत घट्ट बसलेली. फक्त गळाचं वाकण नव्हतं. जिथून तुटलं तिथं राखाडी, दाणेदार, साखरेसारखं दिसत होतं. असं तोंड मी नोकरीत शेकडो वेळा पाहिलं होतं. टेंपरिंग न झालेलं पोलाद असंच तुटतं. माझा सहकारी माझ्या दिशेनं येत होता. त्यानं एका नजरेत ओळखलं असतं.

माझ्या खिशात छोटी कात्री होती. गाठीच्या थोडं वर तंगूस कापला, मासळी मुठीत दाबली आणि म्हणालो, “गाठ सुटली.”

हा निर्णय मी विचार करून घेतला असं मला आठवत नाही. पण कात्री माझ्याच हातानं काढली होती.

भाईनं डोळे उघडले. तो माझ्याकडं नाही, स्वतःच्या बोटांकडं पाहत होता. कॅशिअर म्हणाला, “होतं हो कधीकधी.” सहकारी म्हणाला, “मासा तरी होता का नक्की? का झाडाची मुळी?” सगळे हसले. मी मासा पाहिला होता. मी काही बोललो नाही, कारण माझी मूठ मिटलेली होती आणि त्या वेळी मला तेवढंच सुचत होतं.

पुढं ती एक गंमतच झाली. कुणाची चप्पल तुटली तरी कॅशिअर म्हणायचा, “गाठ भाईनं मारली होती का?” लग्नाच्या जेवणात सहकारी भाईला विचारायचा, “तुमच्या त्या शिवड्याची आता लांबी किती झाली?” भाई पहिल्यांदा हसायचा. मग हसणं कमी झालं. मग तो आमच्या गाठी मारायचं टाळायला लागला, म्हणायचा, तुम्हीच मारा, माझं लक्ष नसतं. मग रविवारी त्याला दुकानात काम निघायला लागलं. आणि असंच एकेक करून येणं थांबलं.

ईदला मी त्याच्या घरी जायचो. एकदा शीरखुर्म्याची वाटी पुढं करताना त्यानं दोन्ही हात माझ्यासमोर धरले. “बघ जरा. थरथरतात का?” नव्हते थरथरत. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, “डॉक्टरपण हेच म्हणतो. पण तुझ्यासमोर गाठ सुटली ना, तेव्हापासून दुकानात गोंड्याची गाठ मारली तरी सुनेला म्हणतो, बेटा, ओढून बघ. लाज वाटते.” त्यानंतर लवकरच त्यानं दुकान मुलाच्या हवाली केलं. वय झालं म्हणून केलं असेल, डोळ्यांनी त्रास दिला म्हणूनही असेल. मी स्वतःला असं खूप वेळा सांगितलं आहे. शीरखुर्मा मात्र मी दर वर्षी खाल्ला, आणि दर वर्षी वाटलं की आज सांगू, वाटी संपली की सांगू.

कॅशिअर आता नाही. सहकारी पुण्याला मुलीकडं असतो. तुटलेली मासळी मी फेकू शकलो नाही. चष्म्याच्या एका जुन्या घरात, कापसात गुंडाळून, कपाटाच्या मागच्या कप्प्यात ठेवली होती.

मंगळवारी फोन आल्यापासून मी हिशेब लावत बसलो होतो, तो असा. काही न बोलता नवी मासळी बांधायची, रविवारी जायचं, गाठ मारून द्यायची. मासा लागला नाही तर प्रश्नच नाही. पण लागला तर? माझी गाठ टिकली, मासा बाहेर आला, तर भाई सगळ्यांना सांगणार, बघा, इंजिनेरची गाठ टिकली, माझी सुटली होती. मग माझं खोटं कायमचं खरं होणार होतं, आणि ते मी माझ्याच हातांनी बांधून देणार होतो. या विचारानं मला जेवण जाईना. बायको म्हणाली, “बीपीची गोळी घेतली का?” घेतली होती.

बुधवारी जुना डबा काढला. त्या खेपेचे गळ त्यात होते. एकेक व्हाइसमध्ये धरून पकडीनं वाकवून पाहिला. पहिला टिक् करून तुटला. दुसराही. मला कुठंतरी आशा होती की एखादा तरी वाकेल आणि माझ्या आठवणीतच काही चूक निघेल. सगळे तुटले. तुकडे फरशीवर उडाले आणि मी गुडघ्यांवर बसून ते शोधत राहिलो, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून.

गुरुवारी नळाला पाणी यायचा दिवस होता, त्यामुळं बायको टाक्या भरण्यात गुंतलेली. मी नवा गळ केला. लाल केला, तेलात बुडवला, पॉलिश कागदानं घासून लखलखीत केला. मग तव्यावर वाळू पसरून त्यावर ठेवला आणि बारीक आंच केली.

“अहो, तो पोळ्यांचा तवा आहे!”

“घासून देतो.”

“गॅस आहे भरपूर,” ती म्हणाली, आणि बादली उचलता उचलता थांबली. “मागं एकदा असंच करताना संपला होता, नाही?”

मी तव्याकडंच पाहत राहिलो. पोलादावर रंग चढत होता. फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळ्यात निळी झाक आली त्या क्षणी उचलायचा. एरवी हा रंग मला डोळे मिटून कळायचा. त्या दिवशी वाटलं, लवकर उचलला की काय, का उशीर झाला. दुसरा केला. तिसराही केला. शेवटी एक पकडीनं वाकवला, तो वाकला आणि सोडल्यावर परत आला. असं पुनःपुन्हा केलं. तरी खात्री वाटेना.

शुक्रवारी दुपारी खिडकीशी बसून बांधायला घेतलं. गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटच्या त्या खिडकीत दुपारी चांगला उजेड येतो. दांड्यावर काळा धागा पक्का गुंडाळत मागं नेला. भाईच्या दुकानातली जरी अजून शिल्लक होती. ती वेढ्याला वेढा लागून, मध्ये फट न ठेवता आणली. जरी ढिली पडली की मासळीचं पोट सुजल्यासारखं दिसतं. गळ्याशी लाल पिसाचे थोडे केस. मग पंख. चार पिसं, दोन डावीकडं, दोन उजवीकडं. त्यांच्या पोकळ बाजू एकमेकींकडं तोंड करून ठेवायच्या, नमस्कारात तळवे जुळवतो तशा. एक जरी उलटं गेलं तर मासळी पाण्यात गरगर फिरते आणि मोठा मासा जवळ येऊन परत जातो. मी चारही चिमटीत धरली आणि धागा वरून आणला तर पिसं घसरली. पुन्हा धरली. पुन्हा घसरली. धागा ओढताना चिमूट ढिली पडत होती. उठलो, पाणी प्यालो, खिडकीतून उगाच खाली पाहिलं, परत बसलो. शेवटी पिसं बसली तेव्हा मान भरून आली होती. वर मोरपिसाचे चार काळसर धागे पाठ म्हणून टाकले, दोन्ही बाजूंना छोट्या पांढऱ्या पिसांवर शाईचे टिपके देऊन डोळे केले. डोकं गुंडाळून त्यावर बायकोचं नेलपॉलिश लावलं.

तिला ग्लासातल्या पाण्यात बुडवली. फुलली, मिटली. सगळं बरोबर होतं. आणि मला त्या मासळीची भीती वाटत होती.

शनिवारी सकाळी रिक्षा करून औरंगपुऱ्यात गेलो. एका खिशात नवी मासळी, दुसऱ्या खिशात चष्म्याचं घर. भाई दुकानात गल्ल्यामागं बसलेला होता. मुलगा एका बाईला लेस मोजून देत होता.

“या या. आज कसे? उद्याची घाई झाली का?” भाईनं स्टूल पुढं केलं. “चाय सांगू?”

“आधी हे बघ.”

मी चष्म्याचं घर उघडून कापूस बाजूला केला. भाईनं नव्या डोळ्यांनी वाकून पाहिलं. पिसांना कीड लागली होती, जरी काळी पडली होती.

“ही तर तुटलेली आहे.”

“त्या दिवशीची आहे. शिवड्याची.”

त्यानं ती उचलली. तुटलेल्या टोकाकडं त्याचं लक्षच नव्हतं. अंगठ्याचं नख तो कडीवर फिरवत होता, जिथं गाठ होती आणि बोटभर तंगूस लोंबत होता. त्यानं गाठ ओढून पाहिली. हलली नाही. टिचकी मारली.

“ही माझी गाठ आहे,” तो म्हणाला.

“हो.”

“सुटली नव्हती.”

“नव्हती. गळ माझा कच्चा होता. मी तंगूस कापला आणि खोटं बोललो.”

मुलाचा हात लेसवर थांबला. ती बाई आमच्याकडं पाहायला लागली. भाईनं मुलाला म्हटलं, “तू माप दे.” मग त्यानं पोऱ्याला चहाची खूण केली. चहा आला, त्यावर साय धरली.

“मी तंगुसाचं टोक बघितलं होतं,” तो शेवटी म्हणाला. “घरी जाऊन. गाठ सुटली तर तंगूस पिळलेला राहतो, डुकराच्या शेपटासारखी. ते टोक सरळ होतं. मी म्हटलं, असं कसं? रात्रभर मी तेच टोक घेऊन बसलो. मग म्हटलं, इंजिनेरनं जवळून पाहिलंय, तो कशाला खोटं बोलेल. माझ्याच डोळ्यात काहीतरी झालं असेल. हातात झालं असेल.” त्यानं मासळी गल्ल्यावर ठेवली. “मियां, मी डॉक्टरला हात दाखवले.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे म्हणे. शीरखुर्मा खाताना माहीत होतं?”

मी चहावरची साय बोटानं बाजूला केली.

“मासा होता ना?”

“होता. मी पाठ पाहिली. एवढा रुंद.” मी हातांनी दाखवलं.

“तेव्हा का नाही दाखवलंस असं? चौघांत?” त्याचा आवाज चढला. मुलानं “अब्बा” म्हटलं. भाईनं हात हलवून त्याला गप्प केलं आणि मला म्हणाला, “नवी आणली का?”

मी नवी मासळी दिली. त्यानं खणातून तंगूस काढला, गाठ मारली, ओली केली, ओढली. बोटं जराही अडखळली नाहीत. मग त्यानं गळाचं टोक गल्ल्याच्या लाकडी कडेत रुतवलं आणि तंगुसाचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

“ओढ.”

मी ओढलं.

“जोर लावून. ट्रक ओढत होतास ना?”

मी तंगूस तळव्याला गुंडाळला आणि पाय टेकून ओढला. गळ तुटावा, गाठ सुटावी, काहीतरी एकदाचं व्हावं असं मला वाटत होतं. गल्ला करकरला. गळ किंचित उघडला आणि तसाच राहिला. गाठही राहिली. माझ्या तळव्यावर तंगुसाची रेघ उमटून त्यातून रक्त आलं.

“बस,” भाई म्हणाला. त्यानं गळ लाकडातून सोडवला, उजेडात धरून नीट पाहिला आणि खिशात घातला. जुनी मासळीही कापसासकट घेतली. चष्म्याचं घर माझ्याकडं सरकवलं. “तू तोंडानं बोललास आणि चौघांत बोललास. एक मेला, एक पुण्याला. आता मी कुणाकुणाला सांगत फिरू? लिहून काढ. लोक वाचतील असं कुठंतरी दे.”

“लिहितो. आणि उद्या?”

“उद्या मी चाललो आहे. पोरगा आहे बरोबर.” आणि तो मुलाकडं वळून म्हणाला, “बाईंना बिल कर. किती वेळ उभ्या आहेत.”

रविवारी मी उजाडायच्या आधीच कपडे करून खिडकीत बसलो. भाईची गाडी पैठण रोडला जाताना आमच्या बाजूनं यायचं काही कारण नाही, तरी खाली हॉर्न वाजला की मी उठत होतो. बायकोनं विचारलं, “गेला नाहीत? मासळी बांधली होती ना?” मी तिला सगळं सांगितलं. तिनं भाजी चिरता चिरता ऐकलं. म्हणाली, “मी म्हटलं होतं शेजारी जा म्हणून.” थोड्या वेळानं म्हणाली, “त्यांच्या सुनेला काय वाटलं असेल हो, इतकी वर्षं गाठी ओढून बघताना.” हे मला सुचलंच नव्हतं.

मग मी लिहायला बसलो. हे तेच आहे.

दुपारी मोबाईल वाजला. भाईच्या मुलानं फोटो पाठवला होता. सोबत एक अक्षरही नव्हतं. फोटोत मासा नाही. पाणी आहे, आणि काठावर दगडावर बसलेला भाई, मान खाली घालून गाठ मारतो आहे. तंगुसाचं एक टोक त्यानं दातात धरलं आहे. शेजारी कुणी नाही, ओढून बघायला कुणाला बोलावलेलं दिसत नाही.

मी फोटो मोठा करून पाहिला. गळ त्याच्या मुठीत होता, दिसत नव्हता. गल्ल्यावर ओढला तेव्हा तो किंचित उघडला होता, तो त्यानं पुन्हा वाकवून घेतला असेल का? थंड पोलाद नुसतं पकडीनं वाकवलं तर त्या जागी कमजोर होतं. फोन करून सांगावं असं वाटलं. हातात घेतलेला फोन परत ठेवला. संध्याकाळ होत आली आहे. ते परत आल्याचं अजून काही कळलेलं नाही.